बत्तीस ओहमचं सूत

छापलेला प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस देवानं घडवला, आणि तो सोलापुरात नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून ठेवला. भिंतीपलीकडे त्यांचे चार यंत्रमाग, टॉवेल विणणारे. घर तेलुगू, म्हणून माझी नात त्यांना ‘ताता’, म्हणजे आजोबा, म्हणते. ते मला ‘अक्का’ म्हणतात, मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान असूनही. कुठलीही वस्तू घरात आली की आधी तिचा कागद, मग वस्तू. नवा पंखा आणला तेव्हा खोक्यावर मिनिटाचे फेरे लिहिलेले होते. “मागाचे फेरे मोजतो, मग ह्याचे का न्हाय?” म्हणत तातांनी पात्याला लाल सूत बांधलं आणि घड्याळ घेऊन खाली आडवे झाले. पंखा थांबला तरी ताता फिरतच होते. चार दिवस मान वाकडी. शेवटी “असतील बरोबर,” एवढं कबूल केलं.

त्यांना हसणारी मी तरी काय दिवे लावले होते! लग्न होऊन या घरात आले तेव्हा स्वतःला फार हुशार समजत असे. मागांची खडखड सोसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन्ही कानांत कापूस कोंबला आणि वरून पदर घेतला. सासूबाई हाका मारमारून दमल्या. माहेरी निरोप गेला, ‘मुलगी कामाची आहे, पण बहिरी आहे हे आधी सांगायचं होतं.’

तर त्याच खडखडीनं परवा माझ्या नातीची नोकरी खाल्ली. घरबसल्या फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी दोन मिनिटांत विचारलं, “तुम्ही रेल्वे स्टेशनवर आहात का?” आणि विषय संपला. दुसऱ्या कंपनीची मुलाखत ठरली, तेव्हा पोरीनं वायरीचा हेडसेट मागवला. मुलाखतीच्या आदल्या सकाळी तो आला, आणि पाठोपाठ ताता आले.

“थांब, लावू नको. कागद कुटं हाय?”

कागदावर ‘इम्पीडन्स ३२ ओहम’ असं होतं. तातांनी वायर चिमटीत धरून चोळली, जन्मभर सूत चोळत आले तशी. “बत्तीस नंबर? ह्यॅ! लई जाड हाय. वीसच्या वर न्हाय.” नंबर वाढेल तसं सूत बारीक, एवढं शेजारानं मलाही शिकवलं होतं, म्हणून मी मान डोलावली. पुढे ‘मायक्रोफोन सेन्सिटिव्हिटी उणे ४२ डेसिबल’. “नव्या मालात उणं कसं, अक्का?” मला काय ठाऊक! मी पुन्हा मान डोलावली. वायर मात्र त्यांनी टेपानं मोजली आणि ती लिहिल्याप्रमाणे भरली, म्हणून वस्तूला घरात राहायची परवानगी मिळाली.

खरा घोटाळा ‘नॉइज कॅन्सलिंग’पाशी झाला. तातांनी हेडसेट डोक्यावर चढवला. भिंतीपलीकडे खडखड चालूच. मी अंबाड्यावरून चढवला. तरी चालूच.

“फसवलं की पोरीला! परत पाठव.”

“ताता, तो आवाज तिकडच्या माणसाला जात नाही,” नात म्हणाली.

“आणि आपल्याला?”

“आपल्याला येतो.”

“मग थांबलं काय?” आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

पोरगी रडकुंडीला आली. शेवटी तिनं माझा मोबाइल तातांच्या हातात दिला, त्यांना कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपलीकडे पाठवलं आणि कॉम्प्युटरवरून फोन लावला. दहा मिनिटांनी ताता परतले. “पोरीचा आवाज लई छान आला, अक्का. पर माझे माग कुटं गेले? पन्नास वर्षं चाललेत. त्या तोंडापुढच्या एवढ्याशा बोंडानं गिळले की!” वस्तू पास झाली होती, पण तातांचा चेहरा नापास झाल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी अकराला पोरीनं दार लावून घेतलं. मी बाहेर राखणीला बसले, दारावरची बेल काढून ठेवून. जरा वेळानं मला चमत्कारिक वाटायला लागलं. काहीतरी हरवलं होतं. कान गेले की काय, म्हणून बोट घालून पाहिलं, कापूस नव्हता. मग उमगलं. उठून तातांच्या दारात गेले. चारी माग बंद. मधोमध स्टुलावर ताता, हातात तोच कागद.

मी हळूच म्हटलं, “काल तर खात्री पटली होती ना? मग यंत्रावर भरवसा नाही का?”

“हाय की. पर हितं लिहिलंय, आवाज ‘कमी करतं’. ‘बंद करतं’ असं कुटं लिहिलंय?” त्यांनी कागदाची घडी घातली. “ऱ्हायलेलं आपण करायचं.”

पोरीला नोकरी लागली. आता भिंतीच्या एका बाजूला माग चालतात, दुसऱ्या बाजूला ती बोलते, आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही. तो हेडसेट नेमकं काय करतो हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. पण मधेच वीज जाते, खडखड थांबते, आणि पंख्याखालून उठून मी उगाच तातांच्या दाराशी जाऊन येते. ते स्टुलावर बसलेले असतात. “लाइट गेली, अक्का,” म्हणतात. मी म्हणते, “हो, ऐकू आलं.”