कालचा वारा
परवा इन्व्हर्टरवाल्यानं बॅटरीचं बूच उघडलं आणि त्या आंबूस वासासरशी मला नव्वदच्या सुमाराची वरकुट्याकडची, मी शिकवायचे ती शाळा आठवली. वीज कशी तयार होते ते मुलांना दाखवायला आम्ही छपरावर छोटी पवनचक्की बसवली होती. तिच्यावर वर्गात एक बल्ब लागायचा. शाळेला जागा देणारे आबा जन्मभर मेंढरं राखलेले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, वाऱ्यानं दिवा इझतो, लागंल कसा? खांबावर आकडा टाकलाय तुमी. उतरवा ते, शाळंवर बालंट नगं." मी नाही म्हटलं, तर वारा पडल्यावर शिडी लावून त्यांनी पंखाच कासऱ्यानं बांधून टाकला. बल्ब तसाच जळत राहिला. "बगा!" आबा ओरडले, आणि जमलेली माणसं चोर सापडल्यासारखी माझ्याकडे बघू लागली. मी कोपऱ्यातली बॅटरी दाखवली. "आबा, ह्यात कालचा वारा साठवलाय. तळ्यात नाही का गेल्या पावसाचं पाणी असतं?" ते वाकले, बॅटरीला कान लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तळ्यातलं पानी दिसतं, बाई. ह्यातला वारा दावा." मी बूच उघडून दाखवलं, तर आतून नुसता आंबूस वास आला. कासरा त्यांनी सोडला, पण पुढं रोज येऊन भिंतीवरची वायर खांबाकडं जाते का म्हणून चाचपायचे. परवा इन्व्हर्टरवाला गेल्यावर, कोणी बघत नाही ना हे पाहून, मीही बॅटरीला कान लावला.