त्रेसष्टाव्या पानावरची ओळ

माझे आजोबा थेउरी, म्हणजे आमच्या भाषेत गुका, मला ‘बायको’ म्हणत. आम्हा किकुयूंमध्ये थोरल्या नातीला आजीचं नाव मिळतं. आजी गाथोनी, मीही गाथोनी. त्यामुळे आजी गेल्यावर गुकांशी भांडायचा हक्क आपोआप माझ्याकडे आला आणि मी तो पुरेपूर वापरला.

सगळ्यात जास्त भांडलो ते त्यांच्या वह्यांवरून. गोऱ्यांच्या राज्यात नान्युकीच्या एका मळ्यावर त्यांनी पंधरा वर्षं स्वयंपाकी म्हणून काढली. त्या दिवसांबद्दल त्यांनी अकरा वह्या किकुयूत लिहून ठेवल्या होत्या. वाळवी लागायच्या आत त्यांचं पुस्तक छापायचं ठरवून मी त्या ताब्यात घेतल्या. दर सुट्टीत मी नैरोबीहून गावी, कारातिनाला यायचे. गुका मोठ्यानं वाचायचे, मी टाइप करायचे. निखाऱ्यांवर डब्यात भाजलेला पाव, मडमेची रडारड, गळ्यात दोरीनं अडकवलेली ओळखपत्राची पत्र्याची डबी. तिला सगळे शेळीची घंटा म्हणत.

“साहेबानं लाथा घातल्या आणि तुम्हाला पाव काय आठवतो?” मी चिडायचे.

“लाथ त्याची होती, बायको. पाव माझा होता.”

त्या दुपारी मला अजून हव्याशा वाटतात. दुधाळ चहा, उकडलेली अळकुडी आणि चौऱ्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज.

घोळ माझ्याच हातून झाला. सातव्या वहीत त्यांनी लिहिलं होतं, ‘आमची मुलं नऊ, भरून.’ खाली नावं मात्र एक जास्त. आमच्याकडे पोरं मोजत नाहीत, मोजली की दृष्ट लागते. दहा असली तरी ‘नऊ, भरून’ म्हणायचं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी पडले गणिताची मास्तरीण. छापील पुस्तकात असलं काही शोभत नाही असं ठरवून, त्यांना न विचारता, मी ‘दहा’ करून टाकलं.

शुक्रवारी सकाळी दोनशे प्रती गावात आल्या. रविवारी चर्चमध्ये प्रकाशन होतं. गुकांनी पुस्तकाचा वास घेतला, भिंग लावून वाचायला बसले. त्रेसष्टाव्या पानावर थांबले आणि पुस्तक मिटलं.

“घेऊन जा सगळी. रविवारी मी येणार नाही.”

न्यागुथी आत्या, त्यांची थोरली लेक, धावत आली. पान बघून तिनं कपाळाला हात लावला. “पोरी, चव्हाट्यावर मोजलंस आम्हाला? एवढी शिकलीस, अक्कल कुठे गहाण ठेवलीस?”

“अगं आत्या, अंधश्रद्धा आहे ती. तुम्ही सगळे वाढलातच ना?”

“सगळे?” आत्या म्हणाली.

मग गुकाच बोलले.

“गोऱ्यांविरुद्धच्या बंडाच्या वर्षांत सरकारनं आम्हाला खंदकानं वेढलेल्या वस्तीत कोंबलं होतं. एक गोरा अंमलदार दारोदार यादी करत आला. पोरं किती? शेजारी म्हणाले, भरून नऊ. भरून सहा. मला साहेबाचं इंग्रजी येत होतं ना, त्याची घमेंड. ताठ उभा राहून सांगितलं, दहा, साहेब. त्यानं शाबासकी दिली. तीन आठवड्यांत वांगुई गोवरानं गेली. दोन वर्षांची होती.”

“आजी काय म्हणाली?”

“काही नाही. मरेपर्यंत एका शब्दानं नाही. म्हणून तर लिहायला बसलो. त्या एका ओळीपर्यंत पोचायला मला सात वह्या लागल्या. पुढच्या चार उगाच लिहिल्या. एकदा तरी बरोबर सांगायचं होतं मला, बायको.”

मला रडू आवरेना. शिकल्याची घमेंड माझीही तीच होती.

शनिवारी अंगणात टेबल टाकलं. पहिल्या प्रतीत ‘दहा’ खोडून मी वर ‘नऊ, भरून’ लिहिलं आणि प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी भिंगातून ओळ वाचली, खालची सगळी नावं वाचली. वांगुईच्या नावापाशी बोट जरा रेंगाळलं. मग त्यांनी हात पुढे केला.

“दुसरी दे.”

“गुका, सगळ्यांत तेच लिहिणार आहे मी.”

“लिही. दे.”

दोनशे प्रती होत्या. त्यांनी ती ओळ दोनशे वेळा वाचली.