आप्पाबुवांची चौदा लेकरं

“नव्या सुनेच्या कानावर जाऊ देऊ नका, पण आपलं अर्धं खानदान आप्पाबुवांच्या रक्ताचं न्हाईच!”

हे वाक्य बापूकाका स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगत होते आणि नवी सून चहाचे रिकामे कप घेऊन दाराबाहेर उभी होती. लग्नाला बारा दिवस झाले होते. मी कप न वाजवता मागे फिरले. कमी बोलणाऱ्या माणसाला एक फायदा असतो. किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही, आपण गप्प उभं राहायचं, ते धुण्यासारखे साचत जातात.

आप्पाबुवा म्हणजे माझ्या नवऱ्याचे पणजोबा. केदारखेड्याचे कीर्तनकार. त्यांनी जत्रेतला बोकडाचा बळी बंद केला, स्वतःची विहीर सगळ्या गावाला खुली केली. आणि साथीत ज्या लेकरांचे आईबाप गेले ती उचलून घरी आणली. सगळ्यांना स्वतःचं नाव दिलं. घरात जन्मलेलं कोण आणि आणलेलं कोण, हे कुठंच लिहून ठेवलं नाही.

आता गावात त्यांच्या नावाचा हॉल होतोय आणि तिथं भिंतीवर वंशावळ लागायची आहे. त्या कामाचे प्रमुख बापूकाका, माझ्या सासऱ्यांचे चुलत भाऊ. लिहिणार मी, कारण माझं अक्षर चांगलं. बापूकाकांची अट एकच: सख्खे एका बाजूला, आणलेले दुसऱ्या बाजूला. “हिशेब साफ पायजे!”

झालं! इकडं शहरात, मस्तगडातल्या आमच्या गल्लीतली खानदानाची तिन्ही घरं एकमेकांकडे संशयानं पाहू लागली. आपण सख्खे याची प्रत्येकाला खात्री होती, आणि शेजारच्याबद्दल शंका.

* * *

बापूकाकांचा पहिला पुरावा म्हणजे नाक. दिवाणखान्यात आप्पाबुवांचा मोठा फोटो आहे. काका त्याच्याखाली बाजूनं उभे राहिले. “बघ सूनबाई, बिलकुल तेच नाक का न्हाई?”

तेच होतं. धारदार, टोकाला जरासं वाकलेलं. मी वहीत लिहून घेतलं.

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भावजी, तो फोटो पार उडून गेल्ता. चेहराच दिसत नव्हता. मंग पेंटरनं तुमच्या वडलांना समोर बसवून नवा काढला.”

“म्हंजे?”

“म्हंजे नाक तुमच्या वडलांचंच हाय. बुवांचं कसं होतं ते पेंटरला बी माहीत नव्हतं!”

मी वहीतली ओळ खोडली.

* * *

मग निघाली शुगर. आप्पाबुवांना म्हातारपणी मधुमेह होता, असं काकांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यांनी सकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला: ज्यांना शुगर आहे त्यांनी रिपोर्ट पाठवावेत, ती सख्खेपणाची खूण आहे.

वर्षानुवर्षं शुगर लपवून जिलेबी खाणारे दोघे दहा मिनिटांत पुढं आले! एकानं तर अभिमानानं तीनशेचा आकडा टाकला.

दुपारी काकूंनी, म्हणजे बापूकाकांच्या मंडळींनी, फोन पाहिला. काकूंना अख्खी गल्ली घाबरते आणि काका सगळ्यांत जास्त. “अहो, तुमची तर गेल्या महिन्यात नॉर्मल आल्ती! पेढे वाटले की तुम्ही!”

संध्याकाळी ग्रुपवर दिसलं: हा मेसेज डिलीट केला गेला.

* * *

केदारखेड्याला एक आजोबा आहेत, नव्वदीच्या पुढचे. लहानपणी आप्पाबुवांच्या पंगतीला जेवलेले. काका मला घेऊन त्यांच्याकडे गेले. मी वही उघडून बसले.

“बाबा, बुवांची लेकरं किती होती?”

“चौदा.”

“त्यातली सख्खी किती?”

“चौदा.”

काकांनी आवाज चढवला. “अन् आणलेली?”

“चौदाच की!”

परतीच्या वाटेवर काका मला म्हणाले, “म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई.” मी खिडकीबाहेर पाहत राहिले. निघताना मी अगदी हळू आवाजात “येते बाबा” म्हणाले होते, तर त्यांनी “सावकाश जा पोरी” म्हटलं होतं.

* * *

या घरात मी कशी आले, तोही एक किस्साच. मला घनसावंगीच्या मावशीनं वाढवलं. आईवडील मला आठवत नाहीत. बघायचा कार्यक्रम झाल्यावर मावशीनं पदराचं टोक पिळत सासूबाईंना सांगितलं, “एक गोष्ट आधीच सांगते ताई, पोरगी माझ्या पोटची न्हाई.”

सासूबाई म्हणाल्या, “पोहे गार होऊन राह्यलेत, आधी खाऊन घ्या.” बस्स. पुन्हा कुणी विषयच काढला नाही.

मावशी परतताना जीपमध्ये इतकी रडली, इतकी रडली, की ड्रायव्हरला वाटलं सोयरीक मोडली! त्यानं बिचाऱ्यानं गाडी थांबवून पाणी दिलं आणि म्हणाला, “दुसरं स्थळ मिळंल मावशी.”

* * *

आमचे वसंतकाका म्हणजे सासऱ्यांचे दुसरे चुलत भाऊ. दर गुरुवारी संध्याकाळी तेच भजन सांगतात, आप्पाबुवांच्याच चालीत. दुसऱ्या कुणाला त्या चाली येतही नाहीत. वंशावळीचं काम निघालं आणि दोन गुरुवार भजनच झालं नाही. गळा बसलाय, म्हणाले.

एका दुपारी ते माझ्याजवळ येऊन बसले. गळा चांगला होता.

“पोरी, माझं नाव कोणत्या बाजूला येऊन राह्यलंय?”

“अजून पेन्सिलीनंच लिहिलंय काका.”

“हां. पेन्सिलच बरी,” म्हणाले आणि चहा न घेता गेले.

* * *

शेवटी रविवारी तिन्ही घरं जमली. सतरंजीवर मोठा कागद पसरला. पुराव्यांची अशी गत झाल्यावर बापूकाका जरा नरमले होते.

“दोन बाजू नकोत. सगळे एकत्रच राहू द्या. फक्त जे बुवांच्या रक्ताचे न्हाईत, त्यांच्या नावापुढं एक बारीक चांदणी! दिसायला बी छान दिसंल.”

“अन् ते ठरवायचं कुणी?” सासऱ्यांनी विचारलं.

“मी थोरला हाय. मी सांगतो, सूनबाई लावंल.”

वसंतकाका पंख्याकडे पाहत होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

कागदावर सगळ्यांची नावं होती, लेकींची आणि सुनांचीसुद्धा. घरात आलेल्या प्रत्येकाचं नाव लिहायचं, ही आप्पाबुवांपासूनची रीत. अगदी खाली, शाई अजून ओली असलेलं, माझं.

“हां सूनबाई, घे पेन,” बापूकाका म्हणाले.

तोवर त्यांच्यासमोर मी “चहा घेता का?” यापलीकडे कधी काही बोलले नव्हते. मी पेनचं टोपण काढलं.

“काका, पहिली चांदणी माझ्या नावापुढं लावते. दुसरी सासूबाईंच्या. काकूंची तेवढी तुम्ही तुमच्या हातानं लावा.”