आधी ऊब, मग ऊन

वहिनींचा फोन आला तेव्हा मी खामगावच्या घरी दिवसाची कामं ठरवत होते. "शोभाताई, तुमचे दादा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी बॅग भरली, शेजारी किल्ली दिली, दूधवाल्याला नको म्हणून कळवलं आणि दादाच्या गावची, वरवट बकालची गाडी पकडली. रडू आलं नाही. कामं होती.

त्याला आता काही आठवडे झाले. माझा थोरला भाऊ आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून गावी परतला, तो आमच्या खारपाणपट्ट्यातल्या मातीत काय काय तगतं ते बघायला. परसात त्याने मोरस लावली होती, जाड रसरशीत पानांची, मिठाला न घाबरणारी. थंडी पडली की वाफ्याच्या पूर्वेला दोरी बांधून तो दोरीवरून वहिनींची जुनी साडी पडद्यासारखी सोडायचा. "सर, झाडाले पडदा काऊन?" शेजारी विचारायचे. "नवी नवरी हाय ते," दादा म्हणायचा.

मला मात्र त्याने नीट समजावलं होतं. मीठ सोसण्यातच झाडाचं बरंच बळ जातं. त्यात गारठ्याने पानांचं आतलं काम मंदावतं, आणि सकाळचं ऊन तर लख्ख पडतं. एवढा उजेड पानांना वापरता येत नाही, आणि न वापरलेला उजेडच त्यांना इजा करतो. मग झाड त्यातला काही उष्णता करून बाहेर टाकतं, अंगावर लाली आणून काही अडवतं... "निस्ती थंडी सोसते ते. निस्तं ऊनही सोसते. दोन्ही संगं आले का मंग थकते."

त्याच्या दुखण्यात मी गेले की सकाळीच खिडक्या उघडायची, पांघरुणं घडी करायची. "ऊन घे, बरं वाटेल." तो डोळ्यांवर आडवा हात धरायचा. "थांब व, शोभे. आधी ऊब येऊ दे. तुले तं उजाडलं का समदंच उघडाचं असते!" मी पडदा अर्धा ओढून घ्यायची.

तेरावं झालं. कपडे दिले, औषधं परत केली, कपाट आवरलं. उरला तो वाफा. पुतण्याला तिथे गाडीसाठी शेड टाकायचं आहे. "आत्या, हे खारं गवत काढू का आता?" तो विचारतो. वहिनी म्हणतात, "तुम्हीच सांगा." घरात काय ठेवायचं, काय काढायचं, ते मीच सांगते. एवढं एक सांगायला मात्र अंगात त्राण नाही.

आज सकाळी परसात गेले. गारठा होता. पानं तांबूस झाली होती. सवयीने साडी बाजूला ओढायला हात गेला, दोरीपर्यंत पोचला... आणि मी तशीच साडीच्या सावलीत दादाच्या पाटावर बसले. वहिनी चहा घेऊन आल्या. मागे पुतण्या कुदळ घेऊन उभा.

"काढायचं का मंग, आत्या?"

"शेड पलीकडे टाक," मी म्हणाले. "आणि साडीले हात लावू नको. अजून ऊब आली नाही."