कलम सात: हा पलंग पलंग नाही

मार्लिस ट्वाइटबद्दल लिहू का, असं तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही, पण माझ्या वजनाबद्दल एक अक्षर लिहिलंस तर गोदामाची किल्ली परत घेईन." म्हणून वजनाबद्दल काही लिहीत नाही.

अमेरिकेत, मोठ्या सरोवराकाठच्या डुलुथ शहरात, विकायला काढलेली घरं सजवून देण्याचं काम ती सतरा वर्षं करते आहे, आणि त्यातली अकरा वर्षं मी तिच्या हाताखाली आहे. मालकाचे फोटो, औषधांच्या बाटल्या, नातवंडांची चित्रं उचलायची आणि आमच्या गोदामातल्या उशा, दिवे, खोट्या लिंबांचं भांडं मांडायचं. बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे कुणीतरी मोठ्या सुखात राहतं. नेमकं कोण, ते मात्र कळता कामा नये. या धंद्यात येण्याआधी मार्लिस शाळेची बस चालवायची. आवाज अजून बसमधलाच आहे.

सामान हलवण्याआधी मालकाची सही घ्यावी लागते. काही मोडलं, कुणी पडलं, तर सजवणाऱ्यावर येऊ नये म्हणून हा कागद. या धंद्यातले बाकीचे लोक तो फोनवर पाठवतात आणि मालक न वाचता बोट टेकवून मोकळा होतो. मार्लिसला हे पटत नाही. एका वकिलाने तिला चौदा पानं करून दिली होती. "वाचताना मलाच झोप लागली," म्हणाली आणि तिने स्वतः नऊ कलमं लिहिली. ती मालकाच्या स्वयंपाकघरात बसून, कॉफी घेत, मोठ्याने वाचून दाखवते. मग मालकाबरोबर घरभर फिरते, आधीचा एकेक ओरखडा त्याला बोटाने दाखवायला लावते आणि लिहून घेते.

सातव्या कलमाला सगळे हसायचे. "हा पलंग पलंग नाही. आत पुठ्ठ्याची खोकी आहेत, वर हवेची गादी. त्यावर बसू नये. बसल्यास जबाबदारी आमची नाही." खरे पलंग जिन्यावरून चढवून कंबरडं कोण मोडून घेणार? वर गोधडी घातली की कुणाला कळायचंही नाही.

ऑर्विल स्टेनरुडही हसला होता. वय एक्याऐंशी, सगळी हयात सरोवरातल्या लोहखनिजाच्या बोटींवर स्वयंपाकी. बायको गेल्यावर त्याने घर विकायला काढलं आणि तोवर मुलीकडे जाऊन राहिला.

"आणि मांजर बसलं तर?" त्याने विचारलं.

"मांजराची सही आणा, मग बसू दे," मार्लिस म्हणाली.

त्याने चष्मा पुसला, सही केली. त्याचा जुना, ओक लाकडाचा पलंग आम्ही गोदामात नेला, कारण त्याने खोली लहान दिसत होती. त्याच जागी, त्याच दोन दिव्यांच्या मधे, आमची खोकी रचली. वर त्याच्या बायकोने शिवलेली गोधडी घातली. रंग छान होता म्हणून. ती कल्पना माझी होती, हे इथे कबूल करून टाकते.

एप्रिलमधल्या रविवारी लोक घर बघून गेले. संध्याकाळी ऑर्विल एकटाच टपाल न्यायला आला. बाहेर वितळत्या बर्फाचा चिखल, मोजे ओलेचिंब. बूट दारात काढून तो वर गेला आणि मोजे बदलायला पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला बसला. पन्नास वर्षं तो तिथेच बसत आला होता. खोकी चेपली, तो खाली, मनगट मोडलं.

आमच्या विमावाल्याचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. "कागद पक्का आहे. फक्त दवाखान्यात जाऊ नका आणि सॉरी म्हणू नका. म्हणालात, तर आम्ही तुमच्या मागे नाही."

मार्लिसने फोन ठेवला आणि दवाखान्यात गेली. सॉरी म्हणाली.

ऑर्विल तिच्यावरच उखडला. "माफी कशाला मागतेस? मी वाचून सही केली होती. मी काय खुळा आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "जॅनेलला तेच हवंय."

जॅनेल म्हणजे त्याची मुलगी. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बाई दुष्ट नव्हती, भ्यालेली होती. ऑर्विलने सरोवराकाठच्या इमारतीत एक खोली पसंत केली होती, जिथून बोटी आत येताना दिसतात. जॅनेलच्या मनात होतं ते स्मृती गेलेल्यांसाठीचं घर, ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप असतं.

गुरुवारी वडिलांचे कपडे न्यायला ती घरी आली. आम्ही खोकी नव्याने रचून गोधडी सारखी करत होतो, कारण शनिवारी पुन्हा लोक यायचे होते.

"तो सहीचा कागद मला द्या," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवायचाय. मंगळवारी त्यांनी वाचलं, सही केली, आणि रविवारी विसरले. याहून काय पुरावा हवा? तुमच्यावर काही येत नाही, घाबरू नका."

हे खरंच होतं. मार्लिसने नुसता कागद दिला असता तर ती सुटत होती. तिने पिशवीतून कागद काढला, ड्रेसरवर ठेवला आणि सातव्या कलमाखाली ठळक अक्षरांत लिहिलं: "चूक माझी. माणसाच्या स्वतःच्या खोलीत, त्याच्या पलंगाच्या जागी मी खोटा पलंग मांडला. कुणीही बसलं असतं." खाली सही, तारीख. मग कागद जॅनेलच्या हातात दिला. विमा गेला, धंदा गेला, हे मला तिथेच दिसत होतं.

जॅनेलने वाचलं. "तुमचं मन मोठं आहे हो, पण कुणीही बसलं नसतं. इथे स्पष्ट लिहिलंय, हा पलंग पलंग नाही." बोलता बोलता ती ड्रेसरच्या सगळ्यात खालच्या, मोज्यांच्या खणाकडे वळली आणि खण ओढायला म्हणून पलंगाच्या कडेवर टेकली.

"अगं ऊठ! ऊठ आधी!" मार्लिसने बसमधला आवाज काढला आणि तिचे दोन्ही दंड पकडले. एक खोकं चेपलंच. जॅनेल उभी राहिली. कागद तिच्या हातातच होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मला हसू आलं होतं, पण मार्लिसने माझ्याकडे असं पाहिलं की ते आत गेलं.

"आईच्या खोलीत मी नेहमी इथेच बसायचे," जॅनेल म्हणाली, आणि रडायला लागली.

विमावाल्यांनी शब्द पाळला, विमा काढून घेतला. चार महिने आम्हाला एकही घर मिळालं नाही; मार्लिस पुन्हा बस चालवत होती, आणि त्याबद्दल मी तिच्या तोंडून एकदाही कुरकुर ऐकली नाही. आता आम्ही खरे पलंग नेतो. माझी कंबर दुखते. सातवं कलम तिने खोडून टाकलंय.

जूनमध्ये ऑर्विल सरोवराकाठच्या खोलीत राहायला गेला. ओकचा पलंग आम्हीच चढवला, गोधडी घातली. जॅनेलने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या, खऱ्या लिंबाच्या. सगळं लागल्यावर ऑर्विलने खिशातून घडी केलेला कागद काढला. नुकत्याच बऱ्या झालेल्या हाताने लिहिलेली अक्षरं वाकडीतिकडी होती.

"मोठ्याने वाच," तो मार्लिसला म्हणाला.

"कलम एक," ती वाचू लागली. "हा पलंग..." तिने नाक पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. "हा पलंग पलंग आहे."

"कर सही."

तिने सही केली. मग ऑर्विल खिडकीच्या बाजूला टेकला, सावकाश, एका हाताने कड धरून, आणि मोजे काढू लागला.