मुलाखतीचा शर्ट

चुरगळलेला कपडा पाहिला की इस्त्रीबाईचा जीव वरखाली व्हायचा. लाँड्रीतल्या टेबलामागे तिचं निम्मं आयुष्य उभ्याने गेलं होतं. शर्टाची आधी कॉलर, तीही उलट्या बाजूने, मग कफ, मग बाह्या, मग पाठ आणि शेवटी समोरचे पल्ले. हा क्रम चुकवणाऱ्याला ती माणसात धरत नसे. रस्त्याने जाताना कुणाच्या पाठीवर सुरकुती दिसली तर हात पुढे जाऊ नये म्हणून ती पिशवी दोन्ही हातांनी धरायची.

तिचा नवरा क्रेन चालवायचा. उंचावर काचेच्या खोलीत बसून लोखंडाचे खांब अलगद उचलायचे आणि खाली नेमके हवे तिथे टेकवायचे, हे त्याचं काम. सगळे त्याला कॅप्टन म्हणत. खाली उतरल्यावरही गडी जमिनीवरच्या माणसांशी जरा वरूनच बोलायचा. कुणीही "कसं काय कॅप्टन?" विचारलं की एकच उत्तर, "ठणठणीत!" अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, तेव्हासुद्धा डॉक्टरांना त्याने वाकड्या झालेल्या तोंडाने तेच सांगितलं. डॉक्टर हसले. बायको बाहेर जाऊन रडली.

त्याला घरी आणल्यावर खरी पंचाईत झाली. ती घरी बसली तर चूल बंद, कामावर गेली तर तो एकटा. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ती अर्धा दिवस लाँड्रीत जायला लागली, दाराला बाहेरून कुलूप लावून. तो उठून कुठे जाणार नव्हता, पण दार उघडं टाकायचा तिला धीर होत नव्हता. एकदा परत आली तर कॅप्टन पलंग आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या फटीत पडलेला. कपडे ओले, गाल फरशीला टेकलेला. कधीपासून तसा होता कोण जाणे.

"अहो, हाक तरी मारायची शेजाऱ्यांना!"

"खाली जरा गार वाटत होतं, म्हणून पडलो," तो म्हणाला.

ती हसली, आणि त्याला उचलता उचलता तिच्या कंबरेत उसण भरली. त्यातच लाँड्रीवाल्याने सांगून टाकलं, "बाई, अर्ध्या दिवसाने माझं भागत नाही. पूर्ण वेळ या, नाहीतर टेबल दुसरीला देतो." माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागत होती.

सरकारचा मदतनीस भत्ता असतो, हे तिच्या नणंदेने शोधून काढलं. नणंद म्हणजे जिभेवर तलवार आणि हातात मोबाइल. भत्ता मंजूर झाला की दिवसभरासाठी माणूस ठेवता येतो. म्हणजे कुलूप नको आणि टेबलही जात नाही. अर्ज नणंदेनेच केला. कचेरीत जायची गरज नव्हती. कचेरीने म्हणे हल्ली खिडक्या बंद करून सगळ्या मुलाखती फोनवर, व्हिडिओवर घ्यायला सुरुवात केली होती. ठरल्या दिवशी अधिकारी बाई फोन करणार, कॅप्टनला बघणार, चार प्रश्न विचारणार, झालं.

आता इस्त्रीबाईच्या घरात कुणीतरी डोकावणार म्हटल्यावर ती स्वस्थ बसते होय? तिने भिंती पुसल्या. औषधांच्या बाटल्या पलंगाखाली ढकलल्या. समोरच्या घरातून हातांची खुर्ची मागून आणली. कॅप्टनची गुळगुळीत दाढी केली, त्याला पांढरा शर्ट घातला. त्या शर्टावर तिने अशी इस्त्री फिरवली होती की बाहीच्या घडीने बोट कापावं. तो उजवीकडे कलंडत होता, तर मागे उशा खुपसल्या आणि कमरेभोवती ओढणी गुंडाळून त्याला खुर्चीला बांधलं. वरून शाल टाकली, की गाठ दिसू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं आयुष्यभराचं धोरण.

फोन लागला. पडद्यावर चष्म्यातली एक दमलेली बाई दिसली.

"नमस्कार. कसे आहात?"

"ठणठणीत!" कॅप्टनने डावा हात कपाळाला लावून सलाम ठोकला.

"बसायला काही त्रास होतो का?"

"छे! बसायचंच तर काम केलंय आयुष्यभर."

अधिकारी बाई हसली. इस्त्रीबाईही अभिमानाने हसली. किती दिवसांनी तो असा बोलला होता! एवढा रुबाबदार माणूस बघून कुणाला नाही म्हणवेल, असं तिला मनापासून वाटलं.

उत्तर आलं ते नणंदेच्या मोबाइलवर. अर्जदार स्वतंत्रपणे बसू शकतात, नीटनेटके आहेत, घर सुस्थितीत आहे, सबब मदतनीसाची गरज दिसून येत नाही.

नणंद तडक घरी आली. "वहिनी, मुलाखत होती की लग्नाचा फोटो? अगं, कचेरीला त्रास दाखवायचा असतो, तू शर्ट दाखवलास!"

"मग काय ओंगळ ठेवू त्यांना? लोकांसमोर?"

"हो! लोकांसमोरच!"

लाँड्रीवाल्याने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं, त्याच्यापुढे नाही. नणंदेने फेरविचाराचा अर्ज टाकला आणि दुसरी मुलाखत ठरली. ही शेवटची, असं कचेरीने स्पष्ट कळवलं होतं.

या खेपेला तयारी उलटी होती. दाढी वाढू दिली. औषधाच्या बाटल्या वर आल्या. मागून आणलेली खुर्ची परत गेली. शर्ट मात्र तिच्याने चुरगळेना. ती तो मुठीत आवळायची आणि मूठ सोडली की तळवा आपोआप त्यावरून फिरायचा, सुरकुती मोडायचा. शेवटी नणंदेने तो हिसकावून घेतला, बोळा केला आणि त्यावर बसली.

"हा शर्ट धड नाहीये गं," अंगात घालताना कॅप्टन म्हणाला.

"असू द्या," ती म्हणाली. का, ते सांगायचं तिला धाडस झालं नाही. पण तो काही दूधखुळा नव्हता. वाढलेल्या दाढीवरून त्याने हात फिरवला.

तीच अधिकारी बाई होती. या वेळी ती म्हणाली, "उत्तरं तुम्ही द्या, ताई. पण साहेब पूर्ण वेळ पडद्यावर दिसले पाहिजेत. तसा नियम आहे."

त्याला दुसऱ्या खोलीत न्यावं आणि मग काय ते बोलावं, असा तिचा बेत होता. तो तिथेच बारगळला. नणंदेने मोबाइल समोर धरून ठेवला होता, पलंगावर तिरका बसलेला कॅप्टन आणि त्याला खांद्याचा टेकू देऊन ती, दोघंही त्या चौकटीत अडकलेले.

"स्वतः आंघोळ करतात का?"

"नाही."

"संडासला?"

"मी नेते. कधी कधी... पोचेपर्यंत राहत नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला होता आणि तो कडक झालेला तिला कळला. या गोष्टी दोघांत कधी शब्दात आल्याच नव्हत्या. ती फडकं आणायची, तो काहीतरी विनोद करायचा, आणि वेळ निभावून जायची.

"पडतात का?"

"पडतात." मग तिने ते फटीतलं पडणं सांगितलं, ओले कपडे सांगितले, कुलूपही सांगितलं. अधिकारी बाईचा चेहरा बदलला. ती लिहून घ्यायला लागली तसं इस्त्रीबाईला कळून चुकलं, की हेच हवं होतं. आणि एकदा ते कळल्यावर ती थांबली नाही. तो पहाटे उशीत तोंड घालून रडतो, हेसुद्धा तिने सांगितलं. ते तिला ठाऊक आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"यापुढे कधी स्वतःच्या पायावर उभे राहतील, असं वाटतं तुम्हाला?"

नणंदेने मोबाइलमागून मान जोरजोरात हलवली.

"नाही," ती म्हणाली.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"साहेब, तुम्हाला काही सांगायचंय?"

कॅप्टन पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या छोट्या चेहऱ्याकडे बघत होता. "त्या म्हणतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. बायकोला त्याने आजवर कधी 'त्या' म्हटलं नव्हतं.

भत्ता मंजूर झाला. सोबत एक अट होती: अधूनमधून, आगाऊ न कळवता, व्हिडिओवर फेरतपासणी होईल, सुधारणा आढळल्यास भत्ता बंद. नणंदेने पेढे वाटल्यासारखी ती बातमी नातेवाइकांत वाटली. कॅप्टन मात्र कितीतरी दिवस बायकोशी कामापुरतंच बोलला. सगळं त्याच्यासाठीच केलं, असं म्हणायला ती तोंड उघडायची आणि त्याचा शर्ट इस्त्रीला घ्यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मदतनीस म्हणून आलेला गडी अंगापिंडाने दणकट होता. आल्या दिवसापासून सगळे त्याला पैलवान म्हणायला लागले. माणूस सोन्यासारखा निघाला. कॅप्टनला उचलून बसवायचा, पाय चोळायचा, त्याच्या क्रेनच्या गोष्टी तोंड उघडं ठेवून ऐकायचा. लाँड्रीतलं टेबल पुन्हा पूर्ण वेळ इस्त्रीबाईचं झालं. हळूहळू घरात विनोद परत आले. तिला "अगं" अशी हाकही परत आली, आणि त्या दिवशी तिने लाँड्रीत एक शर्ट करपवला, आयुष्यात पहिल्यांदा, तोही आनंदाने.

एका संध्याकाळी ती जिना चढत होती तोच वरून पैलवानाची आरोळी आली, "ताई, लवकर या! बघा तरी!"

ती धापा टाकत आत शिरली. कॅप्टन उभा होता. डाव्या हाताने खिडकीचा गज धरून, गुडघे लटलट कापत, पण स्वतःच्या दोन पायांवर. पैलवान दोन हात लांब उभा राहून टाळ्या वाजवत होता. कॅप्टनच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर ते जुनं, वरून बघणारं हसू होतं.

"काय मग? ठणठणीत की नाही?" तो म्हणाला.

तिचा ऊर भरून यायला हवा होता. आलाही असता. पण त्याच्या आधी तिला भत्त्याची ती अट आठवली. तिने पुढे होऊन त्याला धरलं नाही. ती खिडकीशी गेली, समोरच्या घरांकडे एक नजर टाकली आणि पडदा ओढून घेतला.

"कुणाला बोलू नका हं," ती पैलवानाला हळूच म्हणाली. "तुमचीही नोकरी आहे यावर."

टाळ्या थांबल्या. पैलवान खाली बघायला लागला. कॅप्टन गज धरून तसाच उभा होता. त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्याने बायकोकडे बघितलं. रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही. एखादं काम विचारावं तसं त्याने विचारलं, "मग बसू का?"

तिला नाही म्हणायचं होतं. नाही, उभे राहा, चाला, खाली रस्त्यावर जा, असं ओरडायचं होतं.

"बसा," ती म्हणाली.