मिलीमीटरच्या कडा

माझ्या धाकट्या भावाला कामावर सगळे मिलीमीटर म्हणतात. टाइल्स बसवणं हा त्याचा तेवीस वर्षांचा धंदा, आणि तेवीस वर्षांत त्याने एकही काम वेळेवर संपवलेलं नाही. काम मात्र असं करतो की बोट ठेवायला जागा नाही.

आमचं न्हाणीघर तीन दिवसांत करून देतो म्हणाला होता. त्या शनिवारी अकरावा दिवस होता. अकरा दिवस मी टॉवेल काखोटीला मारून शेजारणीकडे आंघोळीला जात होते, आणि ती बाई रोज दार उघडताना विचारायची, "झालं का हो काम?" आमचे हे तर सरळ व्यायामशाळेचे सभासद झाले. व्यायाम कसला, अंग धुऊन परत यायचे. घरभर पोर्सिलेनची पांढरी भुकटी. उशीवर, चष्म्यावर, साखरेच्या डब्यात. चहाचा घोट घेतला की दाताखाली कचकच.

बरं, त्याला हाकलायचीही सोय नव्हती, कारण आमच्या न्हाणीघरावर त्याचं पोट टांगलेलं होतं. झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी त्याने एका घरी टाइल्सचा कट्टा केला आणि त्याच्या कडेने तिथल्या लहान मुलीची नडगी फाडली. सात टाके पडले. ठेकेदाराने ह्याला घरी बसवलं. पंधरा वर्षं एकत्र काम केलेलं, तरी घरी. ह्याने खूप गयावया केली तेव्हा ठेकेदार म्हणाला, "बहिणीचं न्हाणीघर करतोयस ना? पुढच्या रविवारी येतो. कडांवरून हात फिरवून बघतो. पटलं तर सोमवारपासून ये." म्हणजे परीक्षा ह्याची आणि पारोसे आम्ही.

न्हाणीघरात बाहेर आलेल्या कोपऱ्यावर दोन टाइल्स भेटतात ना, तिथे दोघींच्या कडा तिरक्या कापून एकमेकींना जुळवायच्या असतात. कापल्यावर त्यांना सुरीसारखी धार येते. ती दगडाने घासून मोडायची. जास्त घासलं तर फट दिसते, कमी घासलं तर माणसाची कातडी जाते. त्यात पोर्सिलेन असं नाठाळ, की शेवटच्या हाताला कपची उडाली की अख्खी टाइल बाद.

"कोपऱ्यावर वरून तयार पट्टी लाव आणि मोकळा हो," मी म्हटलं. "सगळं जग लावतं."

"लावतं," तो म्हणाला आणि घासत राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरं डोकं फिरवणारी गोष्ट वेगळीच होती. एक कड घासून झाली की हा बाबा तिला ओठ लावायचा. खालचा ओठ, वरपासून खालपर्यंत, हळूहळू. जमिनीलगतची कड असली की पंचेचाळीस वर्षांचा घोडा ओल्या फरशीवर पालथा पडून टाइलला तोंड लावायचा. हे काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणे, "ओठाला बारीक कळतं." एकेका कडेला अर्धा अर्धा तास. मी ह्यांना बोलावून दाखवलं. "कलाकार आहे गं तो," असं म्हणून हे पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. ह्यांचं काय जातंय.

त्या शनिवारी दुपारी मी चहा घेऊन गेले. जाताना मनात सगळं भाषण तयार होतं. दारातून बघते तर चार टाइल्सवर लाल रेघ, आणि हा आपला खाली मान घालून घासतोय.

"अरे, रक्त येतंय तुला."

तो थांबला. त्याने आधी डावा हात उलटसुलट करून पाहिला, मग उजवा. उजव्या तर्जनीचं टोक चांगलं चिरलं होतं. आपल्याला कुठे लागलंय ते तो डोळ्यांनी शोधत होता.

मी चहा खाली ठेवला. "कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. मशीनच्या थरथरीनं होतं म्हणे. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येत नाही." मग हळूच म्हणाला, "घरी कोणाला माहीत नाही. तू बोलू नकोस."

खरं सांगते, मला आधी रागच आला. मला शिंक आली तरी मी ह्याला फोन करून सांगते, आणि हा दीड वर्ष मूग गिळून बसला होता. त्याच्या बोटाला पट्टी बांधता बांधता मी त्याला नाही नाही ते बोलले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "कमोडच्या मागच्या कोपऱ्यात माझं तोंड पोचत नाही. तिथे तू हात फिरवतेस?"

पदर खोचला आणि बसले उकिडवी. मी हात फिरवायचा आणि सांगायचं, "इथे लागतंय." त्याने घासायचं. "अजून." पुन्हा घासायचं. एक जागा मी सात वेळा नापास केली. अंधार पडेपर्यंत हेच. शेवटी कुठेच काही लागेना. "माझीसुद्धा बोटं बधिर झाली," असं बोलून गेले आणि जीभ चावली.

रविवारी ठेकेदार आला. प्रत्येक कडेवरून अंगठा टेकवून फिरवला. कमोडच्या मागेसुद्धा वाकला. उठला आणि म्हणाला, "काम तुझंच आहे. उद्यापासून ये."

मी सुटले म्हणते तोवर आमचे बंधुराज बोलले.

"साहेब, मागचा कोपरा ताईने तपासलाय. मला बोटांना काही कळत नाही. त्या मुलीच्या घरीसुद्धा कड मी दोनदा बघितली होती. मला ती गुळगुळीतच वाटली."

ठेकेदार त्याच्या हातांकडे बघत राहिला. "मशीन कसं धरतोस मग?"

"बघून धरतो."

"मग तुला मशीन कसं देऊ मी?" तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. चपला पायात सरकवल्या आणि गेला.

त्यानंतर मात्र माझ्या तोंडाला लगाम राहिला नाही. "एक वाक्य गिळलं असतंस तर काय झालं असतं? तो हो म्हणाला होता. तोंडावर हो म्हणाला होता. मोठा आला हरिश्चंद्र."

"पुढच्या घरी तू येणार होतीस का हात फिरवायला?"

"आले असते," मी म्हटलं, आणि खरंच आले असते.

तो न्हाणीघरातल्या नव्या कट्ट्यावर बसला. टाइल्स दुधासारख्या पांढऱ्या, कुठे कणभर फट नाही. मीही शेजारी टेकले. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. बऱ्याच वेळाने त्याची नजर खाली गेली, तेव्हा त्याला कळलं की मी हात धरलाय.